निळ्या रंगाची किंमत

व्यापारात रंगाला मोठा मान आहे. तांबडा रंग मन चाळवतो, निळा विश्वास देतो, हिरवा शांत करतो, असे ठोकताळे दुकानदारांना शिकविले जातात. आम्ही कॉलेजात गेलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु रंगाला स्वतःचा असा एकच अर्थ नसतो, एवढे आम्हांस कळते. तांबडा रंग कुंकवात सौभाग्याचा, सिग्नलावर धोक्याचा, आणि आमच्या झेंड्यावर लढ्याचा. निळा रंग १४ एप्रिलला रस्त्यावर येतो तेव्हा तो स्वाभिमानाचा असतो. पाण्याच्या बाटलीवर तोच स्वच्छतेचा होतो. अर्थ माणसे देतात, आपल्या जगण्यातून देतात. व्यापारी तो उचलतो आणि विकतो.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. बदलापूर लोकलच्या डब्यात कोणत्याही तरुणाच्या अंगावर ते दिसेल. ते म्हणजे जीन पँट, जिच्या धंद्याने उल्हासनगरचे नाव देशभर नेले.

ही विजार मूळची कष्टकऱ्यांची. खिशांना तांब्याची रिबिटे मारून ती टिकाऊ करण्याचे पेटंट अमेरिकेत १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनी घेतले. तिच्या कापडाचा उभा धागा निळीत रंगविलेला असतो, आडवा पांढरा. नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसते. म्हणून जेथे घासले जाते तेथे, गुडघ्यावर, मांडीवर, आतला पांढरा धागा उघडा पडतो. कामगाराच्या विजारीवर त्याच्या कामाचा हिशेबच जणू लिहिला जाई.

पुढे १९५० नंतर सिनेमातील नटांनी ती घातली आणि ती बंडखोर तारुण्याची खूण झाली. मग गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे झिजविण्याइतका धीर राहिला नाही. त्याला दुकानातूनच झिजलेली विजार हवी झाली. येथे रंगाचे सारे मानसशास्त्र आले. कोरी गडद विजार आणि विटलेली विजार शेजारी टांगा. पुष्कळदा विटलेलीच अधिक किमतीची असते. कष्ट न करता कष्टाची ऐट मिळते, तिचे हे दाम!

पण विजार आपोआप विटत नाही. कोणी तरी ती विटवितो. ती दगडांबरोबर यंत्रात घुसळतात, ब्रशाने घासतात, तिच्यावर पोटॅशियम परमँगनेटची फवारणी करतात. जगात कित्येक ठिकाणी वाळूचा माराही करीत. त्या धुळीने कामगारांच्या फुफ्फुसांत सिलिकोसिस शिरला, तेव्हा तुर्कस्तानाने २००९ साली त्यावर बंदी घातली. आमच्याकडे एका कारखान्यात फवारणी करणारा पोरगा आम्हांस भेटला. तोंडाला रुमाल, बोटे तपकिरी झालेली. आम्ही विचारले, "हा डाग जातो का रे?" तो म्हणाला, "साहेब, पँटवरचा जातो, हातावरचा राहतो."

उरलेला रंग वालधुनीत गेला. इ. स. १०६० च्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते. तिचे पाणी रंगलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रदूषणावरून कारवाई झाली आणि २०१८ च्या सुमारास शहरातील कित्येक जीन्स धुलाईचे कारखाने बंद पडले. नदीला न्याय हवाच होता. पण त्या दिवशी चूल विझली ती मजुराची. सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था वेळीच उभारली असती, तर नदी की रोजी, असा प्रश्नच उभा राहिला नसता.

रंग आवडू नये असे आम्ही म्हणत नाही. सुंदर वस्तूवर श्रीमंतांइतकाच कामगाराचाही हक्क आहे. मात्र दुकानात एखादी छटा मनाला भुलवील, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत: हा अर्थ या रंगाला कोणी दिला, आणि त्याचे पैसे कोणी भरले? चिठ्ठीवर असते ती गिऱ्हाइकाची किंमत. दुसरी किंमत त्या पोराच्या बोटांवर लिहिलेली असते.