त्याच गॅलनचे दोन भाव

अमेरिकेतल्या गॅस स्टेशनच्या उंच पाटीवर ‘रेग्युलर’पुढे कधी एकच आकडा असतो, कधी दोन. कॅश ३ डॉलर १९ सेंट, क्रेडिट ३ डॉलर २९ सेंट. जमिनीखालची टाकी तीच, नळी तीच, पेट्रोलही तेच. (तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात.) पाटीवरचा रोखीचा आकडा बहुधा मोठा आणि ठळक असतो, कार्डाचा जरा अंग चोरून. नवखा माणूस मोठा आकडा वाचून गाडी वळवतो, कार्ड घासतो आणि पावती बघून म्हणतो, फसवलं! फसवणूक म्हणावी असं यात सहसा काही नसतं. पण हे १० सेंट नेमके कोणाचे, हे समजून घेण्यासारखं आहे.

तुम्ही कार्डाने ५० डॉलर दिले तरी पंपाच्या मालकाच्या खात्यात ५० डॉलर पोहोचत नाहीत. वाटेत तीन हात लागतात. मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. त्याहून लहान वाटा व्हिसा, मास्टरकार्ड अशा कंपनीचा, कारण व्यवहार त्यांच्या जाळ्यातून जातो. उरलेला वाटा पंपाला यंत्र पुरवून हिशेब लावून देणाऱ्या प्रोसेसरचा. कार्ड कुठलं, व्यवहार केवढा, यावर दर बदलतात. सोयीसाठी एकूण अडीच टक्के धरू.

अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण पेट्रोलचा धंदा टक्क्यांवर चालत नाही, सेंटांवर चालतो. समजा मालकाला गॅलनमागे ३० सेंट सुटतात. त्यातून नोकरांचा पगार, जागेचं भाडं, वीज, दुरुस्ती हे सगळं भागवायचं. भाव गॅलनला ३ डॉलर असेल तर कार्डाची फी साडेसात सेंट, म्हणजे त्या ३० सेंटांतला चौथा हिस्सा. भाव ५ डॉलर झाला की फी साडेबारा सेंट. मालकाचे ३० सेंट मात्र भावाबरोबर आपोआप वाढत नाहीत. जून २०२२मध्ये अमेरिकेतला सरासरी भाव पहिल्यांदाच ५ डॉलरच्या वर गेला, तेव्हा गाडीवाले पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते आणि पंपवाला कार्डाच्या बिलाकडे बघत होता. महागाईत न मागता ज्याची कमाई वाढते असा या साखळीतला एक धनी म्हणजे कार्डवाली बँक.

आणखी एक खोच आहे. पेट्रोलच्या भावातच कर असतो. केंद्र सरकारचा कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३पासून तेवढाच. त्यावर राज्याचा वेगळा. मालक हा कर गोळा करून पुढे पोहोचवतो, पण कार्डाची फी कापली जाते ती करासकट पूर्ण रकमेवर. म्हणजे सरकारचे पैसे वसूल करून देण्यासाठी तो बँकेला पदरचे पैसे देतो. गॅस स्टेशन चालवणाऱ्यांत आपल्या देशाची, विशेषतः गुजराती, मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी कोणाशी दहा मिनिटं बोला, विषय फिरून इथेच येतो.

मग सगळ्यांनाच एक भाव का लावू नये? पुष्कळ स्टेशनं तसंच करतात. तिथे फीचा खर्च सर्वांच्या भावात मुरलेला असतो आणि रोख देणाराही तो भरतो, फक्त त्याला ते कळत नाही. त्याच फीतून कार्डवाल्याला कॅशबॅक आणि विमानाचे पॉइंट मिळतात. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये देशभरच्या एकूण खरेदीचा असा हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजाने रोखीवर चालणारं कुटुंब कार्डवाल्या कुटुंबांना वर्षाला सरासरी १४९ डॉलर देत होतं. रोखीवर चालणारी घरं बहुतेक कमी मिळकतीची असतात, हे वेगळं सांगायला नको. दोन आकड्यांची पाटी डोळ्यांना खुपते खरी, पण मला ती एका आकड्याच्या पाटीपेक्षा प्रामाणिक वाटते.

या फरकाला म्हणायचं काय, यावर अमेरिकेत चाळीसेक वर्षं कज्जे चालले. खरा भाव ३.२९ आणि रोखीला १० सेंट सूट, असं म्हणता येतं. खरा भाव ३.१९ आणि कार्डाला १० सेंट जादा, असंही म्हणता येतं. खिशाला दोन्ही सारखंच. पण सूट सोडून देणं माणसाला जेवढं जड जात नाही, तेवढं जादा पैसे मोजणं जातं. पुढे नोबेल मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या निबंधात नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं: फरक ठेवायचाच असेल तर त्याला सूट म्हणा, अधिभार म्हणू नका, असा कार्ड कंपन्यांचा आग्रह होता. कायदाही त्याच वळणाने गेला. १९७४च्या कायद्याने दुकानदाराला रोखीवर सूट द्यायची मोकळीक मिळाली. १९७६मध्ये कार्डावर अधिभार लावायला देशभर बंदी आली आणि ती १९८४पर्यंत टिकली. ती उठली तरी काही राज्यांनी आपापल्या बंद्या घातल्या, आणि कार्ड कंपन्यांच्या करारातली मनाई तर २०१३पर्यंत होती. म्हणून पंपवाले इतकी वर्षं ‘कॅश डिस्काउंट’ हेच शब्द धरून बसले.

या भांडणातून एका कंपनीने वेगळीच वाट काढली. आर्कोने १९८२मध्ये क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं आणि भाव उतरवले. पश्चिम किनाऱ्यावर स्वस्त पेट्रोल म्हणजे आर्को, ही ओळख तेव्हापासूनची.

भारतात दोन आकड्यांची पाटी उभीच राहू शकत नाही. इथल्या पंपावरचा भाव तेल कंपनी ठरवते, पंपचालकाला ठरावीक कमिशन मिळतं आणि भावात एक पैसाही इकडेतिकडे करायची त्याला मुभा नसते. त्यामुळे नोटाबंदीनंतर जानेवारी २०१७मध्ये काही बँकांनी कार्डाच्या व्यवहारांवर पंपचालकांकडून एक टक्का घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो भार ग्राहकावर ढकलायची सोय त्यांना नव्हती. आम्ही कार्डच घेणार नाही, असं त्यांच्या संघटनांनी जाहीर केलं आणि सरकारला मध्ये पडावं लागलं. गंमत म्हणजे महिन्याभरापूर्वीच, डिसेंबर २०१६पासून, कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे देणाऱ्याला तेल कंपन्या ०.७५ टक्के सूट देऊ लागल्या होत्या. तिकडे रोखीला सूट, इकडे रोख सोडण्याला! क्रेडिट कार्डावरची ती सूट ऑक्टोबर २०१९मध्ये बंद झाली. क्रेडिट कार्डावर पेट्रोल घेतल्यास एक टक्का अधिभार इथेही लागतो, पण तो पंपाच्या पाटीवर न दिसता महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये उगवतो. बऱ्याच बँका काही अटींवर तो परतही करतात. खात्यातून थेट यूपीआयने दिले तर जानेवारी २०२०पासून दुकानदाराला फीच नाही.

अमेरिकेत पंपासमोर उभं राहून करायचा हिशेब सोपा आहे. दोन भावांतल्या फरकाला कार्डाच्या भावाने भागा. १० सेंट भागिले ३.२९ डॉलर, म्हणजे साधारण तीन टक्के. तुमचं कार्ड पेट्रोलवर तीन टक्क्यांहून कमी परत देत असेल तर रोख द्या, जास्त देत असेल तर कार्ड. १५ गॅलनची टाकी भरली तर रोखीने ४७ डॉलर ८५ सेंट होतात. दोन टक्केवालं कार्ड वापरलं तर कॅशबॅक धरून ४८ डॉलर ३६ सेंट, पाच टक्केवालं वापरलं तर ४६ डॉलर ८८ सेंट. फरक या बाजूला अर्धा डॉलर, त्या बाजूला एक. एवढ्यासाठी अनोळखी एटीएममधून तीन डॉलर फी भरून नोटा काढणाऱ्याचं गणित आधीच चुकलेलं असतं. आणि कार्डाचं बिल महिनोन्महिने थकवून व्याज भरणाऱ्याने हा हिशेब मांडूच नये. त्याने सरळ नोटा काढाव्यात.

डेबिट कार्डाच्या बाबतीत मात्र मी पंपवाल्याची बाजू घेणार नाही. २०११पासून मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावर बँकेच्या वाट्याला कमाल मर्यादा आहे: व्यवहारामागे २१ सेंट आणि रकमेच्या ०.०५ टक्के, वर गैरव्यवहार रोखण्यासाठी जेमतेम एक सेंट. ५० डॉलरच्या पेट्रोलवर हे सारं पंचवीस सेंटांच्या आत बसतं. तरीही बऱ्याच स्टेशनांवर डेबिटला क्रेडिटचाच भाव लागतो. इथे मधला फरक बँकेच्या नाही, मालकाच्या खिशात राहतो. पाटीवर ‘कॅश/डेबिट’ असं लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर विचारावं.

आता प्रत्यक्ष पंपावर. बहुतेक राज्यांत नळी आपणच हातात धरायची असते. रोख द्यायची तर आधी आतल्या काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा आणि अंदाजाने पैसे ठेवायचे. ४० डॉलर ठेवले आणि टाकी ३६ डॉलरमध्ये भरली तर उरलेल्या चारांसाठी पुन्हा आत. थंडीत, पाऊस पडत असताना, मागच्या सीटवर मूल झोपलेलं असताना १० सेंटांची ही खरी किंमत. न्यू जर्सीत १९४९पासून स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी कुटुंबांना गाडीतून उतरावंच लागत नाही. काच खाली केली की कामगार विचारतो, कॅश की क्रेडिट? उत्तरावर भाव ठरतो.

कार्ड वापरताना दोन अडचणी येतात, विशेषतः भारतातून मुलांकडे आलेल्या आईबाबांना. पंपाचं यंत्र झिप कोड मागतं. भारतीय कार्डाला तसा कोड नसल्याने ते बरेचदा नाकारलं जातं. अशा वेळी आत जाऊन काउंटरवर तेच कार्ड द्यावं. दुसरी अडचण, किती पेट्रोल भरणार हे यंत्राला आधी कळत नाही, म्हणून बँक खात्यातली मोठी रक्कम अडकवून ठेवू शकते, अगदी १७५ डॉलरपर्यंत. क्रेडिट कार्डावर ते जाणवत नाही. डेबिट कार्डावर मात्र भरलेलं पेट्रोल ३० डॉलरचं आणि खात्यातून काही तास, कधी एखाददोन दिवस, शंभराहून जास्त डॉलर गायब, असं होतं. हेही काउंटरवर रक्कम सांगून पैसे दिल्यास टळतं. नळी उचलण्यापूर्वी यंत्रावरचा गॅलनचा भाव एकदा वाचावा. कार्ड घातल्यावर बऱ्याच यंत्रांवर तो आकडा तुमच्यासमोरच बदलतो, आणि नळी जागेवर असेपर्यंत ‘कॅन्सल’ दाबून पुढच्या स्टेशनवर जाता येतं.