रिक्षा ‘मिसिंग’ मारते तेव्हा...

सिग्नलला उभी असताना थडथडणारी, उड्डाणपुलाच्या चढावर धापा टाकणारी आणि मध्येच सायलेन्सरमधून ‘फट्’ असा आवाज काढणारी रिक्षा म्हणजे चालकाच्या रोजच्या कमाईला लागलेली गळतीच. गॅरेजच्या भाषेत या दुखण्याला ‘मिसिंग’ असा एकच शब्द आहे. कारणे मात्र अनेक असतात. निदानाआधीच सुटे भाग बदलण्याची घाई केली, तर बिल वाढते आणि दुखणे तसेच राहते.

बजाजने मागील बाजूस इंजिन असलेली रिक्षा १९७७ मध्ये बाजारात आणली. मोठ्या शहरांत आता चार स्ट्रोकच्या सीएनजी रिक्षांचे राज्य असले, तरी जिथे पॉइंट-कंडेन्सरचे जुने दोन स्ट्रोक इंजिन टिकून आहे, तिथे मिस्त्रीचा कस आजही लागतो. इंजिनाबरोबर फिरणारे चुंबकी चाक, म्हणजेच ‘मॅग्नेट’, आतल्या कॉईलमध्ये वीज निर्माण करते. नेमक्या क्षणी पॉइंट उघडले की हा प्रवाह तुटतो, हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. दोन स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर सेकंदाला पन्नास. त्यातल्या दोन-चार चुकल्या तरी कानाला ते लगेच जाणवते.

तपासाची सुरुवात प्लगपासून करणे शहाणपणाचे. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. ते काळे व ओलसर असेल, तर एक तर ठिणगी अशक्त आहे किंवा पेट्रोल-ऑईल अधिक जात आहे. अगदी पांढरे असेल, तर हवा जास्त जात असल्याचा किंवा प्लग तापत असल्याचा संशय घ्यावा. पेट्रोलबरोबर ऑईलही जळत असल्याने प्लगच्या फटीत कधी कधी काजळीचा बारीक पूल तयार होतो आणि ठिणगी पडणेच थांबते. ही फट साधारण ०.६ मिलिमीटर असावी.

प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून हँडल मारले की करंट दिसतो. निळसर, जाड ठिणगी चांगली; पिवळट आणि बारीक असेल तर ती कमजोर समजावी. मात्र उघड्या हवेत दिसलेली ठिणगी इंजिनातील दाबाखाली टिकेलच, असे नाही. शिवाय ही चाचणी पेट्रोलच्या वाफेपासून दूर आणि प्लग कॅप कोरड्या जाड फडक्याने धरूनच करावी. पावसाळ्यात बिघाड होत असेल, तर अंधारात इंजिन चालू ठेवून वायरकडे पाहावे. तडा गेलेल्या वायरीतून किंवा कॅपमधून बाहेर उडणाऱ्या ठिणग्या दिसतात.

खरी गुंतागुंत पॉइंटपाशी आहे. मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज घालून पॉइंटची फट पाहता येते. ती साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर अपेक्षित असते. पॉइंटचा फायबर झिजला की ही फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. मग ओढ कमी होते, इंजिन तापते. पॉइंट घासूनही काही दिवसांत पुन्हा जळून खड्डे पडत असतील, तर दोष कंडेन्सरचा असण्याची शक्यता अधिक. थंड असताना झटकन सुरू होणारी, अर्ध्या तासात गुदमरणारी आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखी चालणारी रिक्षा कंडेन्सर किंवा कॉईलकडेच बोट दाखवत असते. गार इंजिनावर तपासणी करून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगणाऱ्यावर म्हणूनच विसंबू नये.

खड्ड्यात आदळताच इंजिन बंद पडत असेल, तर आधी स्विचकडे जाणारी वायर पाहावी. मॅग्नेटच्या या पद्धतीत इंजिन बंद करण्यासाठी करंट बॉडीला ‘अर्थ’ केला जातो. वायरचे आवरण घासले गेले, तर तेच काम खड्डा करतो! ही वायर तात्पुरती सोडवून मिसिंग थांबते का, हे पाहायला पैसाही लागत नाही.

गॅसवर चालणाऱ्या जुन्या रिक्षांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. गॅसचे मिश्रण पेटवण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे पेट्रोलवर खपून जाणारा अशक्त करंट गॅसवर उघडा पडतो आणि दोष किटला दिला जातो.

करंट सर्वत्र ठीक असूनही थडथड कायम राहिली, तर मोर्चा अन्यत्र वळवावा. चोक अडकला तरी दोन स्ट्रोक इंजिन एक फेरा सोडून पेट घेते आणि तो आवाज हुबेहूब मिसिंगसारखा असतो. मॅग्नेटकडील ऑईल सील गळत असेल, तर आतल्या बाजूला हवा शिरते आणि बाहेर आलेले ऑईल पॉइंटवर बसते. अशा वेळी पॉइंट कितीदाही पुसले, तरी सील बदलेपर्यंत रिक्षा पुन्हा गॅरेजच्या दारात येतच राहते.