ओपन सोर्स की पैसे देऊन घेतलेलं? प्रश्नच जरा चुकतोय

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये नेहमीसारखा संगणक सुरू केला, तर स्क्रीनवर संदेश: परवान्याची मुदत संपली आहे. लायसन्स ३१ मार्चला संपलं होतं, नूतनीकरणाची फाइल हिशेब विभागात पडून होती आणि ग्रँटचा पुढचा हप्ता आला नव्हता. माझा दोन वर्षांचा डेटा त्याच सॉफ्टवेअरच्या खास फाइल-प्रकारात होता. डेटा माझा, किल्ली दुसऱ्याकडे! शेवटी दुसऱ्या विभागातल्या मित्राच्या मशीनवर सगळं सीएसव्हीमध्ये काढून घेतलं आणि पुढचे सहा आठवडे सगळे प्रोग्राम पायथनमध्ये पुन्हा लिहिले.

रागाच्या भरात ठरवलं, यापुढे फक्त ओपन सोर्स. मग आमचा क्लस्टर नीट पाहिला. खाली लिनक्स, म्हणजे ओपन सोर्स. त्यावर जीपीयू चालवणारं क्यूडा, एनव्हिडियाच्या मालकीचं. त्याच्यावर माझा पायथन, पुन्हा ओपन सोर्स. एकाच मशीनमध्ये दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते. उद्योगातही हेच चित्र आहे. ते का, हे आज समजून घेऊ.

आधी शब्द नीट करू

ओपन सोर्स म्हणजे फुकट नव्हे. ओपन सोर्स म्हणजे कोड वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे देण्याची परवानगी. ही परवानगी परवान्यात लिहिलेली असते. एमआयटी, बीएसडी, अपाची हे सैल परवाने: कोड घ्या, तुमच्या बंद उत्पादनात घाला, मूळ श्रेय आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बस्स. जीपीएल मात्र म्हणतो, बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा कोडही त्याच अटींवर द्या. 'दिलात तर' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्यांच्यावरच आहे.

उलट, मालकीचं सॉफ्टवेअर फुकटही असू शकतं. क्यूडा डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, तरी ते ओपन सोर्स नाही.

कंपन्या दोन्ही का ठेवतात?

वडापावच्या गाडीवर चटणी फुकट असते. चटणी चांगली असली की वडे जास्त खपतात. अर्थशास्त्रात अशा जोडीला पूरक वस्तू म्हणतात. जॉश लर्नर आणि जाँ तिरोल यांनी २००२ मधल्या ओपन सोर्सवरच्या निबंधात हा विचार मांडला आहे: कंपनीची कमाई जिथून होते, त्याला पूरक असलेला कोड खुला करण्यात तिचाच फायदा असतो.

आता उदाहरणं बघा.

अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, पण प्ले स्टोअर आणि गूगलच्या सेवा बंद आहेत. फोन जितके जास्त, तितका गूगलचा व्यवसाय जास्त. इथे चटणी कोणती आणि वडा कोणता, हे तुम्हीच ओळखा.

रेड हॅटचं लिनक्स ओपन सोर्सच. ग्राहक पैसे मोजतो ते दुरुस्त्या, तपासणी आणि अडलं तर मदत यांसाठी. या कंपनीला आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतलं.

मायएसक्यूएलने तिसरी वाट काढली. एकच डेटाबेस दोन परवान्यांवर: जीपीएल मान्य असेल तर तसा वापरा, स्वतःच्या बंद उत्पादनात घालून विकायचा असेल तर व्यावसायिक परवाना विकत घ्या. २०१० मध्ये तो ओरॅकलकडे गेला. त्याआधीच, २००९ मध्ये, मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी सुरू केला होता. कंपनीचा मालक बदलला, पण एकदा जीपीएलवर दिलेला कोड परत काढून घेता आला नाही.

मग भांडण कुठे होतं?

'दिलात तर' या शब्दांवर. क्लाउड कंपनी प्रोग्राम कुणाला देत नाही, स्वतःच्या सर्व्हरवर चालवते आणि सेवा विकते. म्हणजे जीपीएलची अट लागूच होत नाही. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. सैल परवान्यात तर फट बुजवायचा प्रश्नच नाही, दारच उघडं! इलास्टिकसर्चचा कोड अपाची परवान्यावर होता आणि ॲमेझॉन त्याची सेवा विकत होती. २०२१ मध्ये इलास्टिकने परवाना कडक केला, ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च काढलं. २०२४ मध्ये इलास्टिकने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सकडे पाऊल टाकलं.

म्हणजे सहअस्तित्व आहे, पण ते शांत नाही. सीमा सतत सरकत असते. म्हणून 'कोण जिंकणार?' हा संशोधनाचा चांगला प्रश्न नाही. 'कुठला थर खुला ठेवला, कुठला बंद, आणि ती रेष कधी व का हलली?' हा आहे. त्याची उत्तरं पुराव्यावर तपासता येतात, कारण परवान्यातले बदल तारखेसकट नोंदलेले असतात.

तुमच्यासाठी

संशोधन सुरू करण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि कागदावर तीन रकाने आखा: सॉफ्टवेअर, त्याचा परवाना, आणि तो उद्या संपला तर माझं काय अडेल. तिसरा रकाना भरताना पोटात गोळा आला, तर तिथेच काम करायचं आहे.

कच्चा डेटा नेहमी सीएसव्हीसारख्या खुल्या प्रकारातही ठेवा. स्वतःचा कोड प्रसिद्ध करणार असाल तर त्यात कुणाचा कोड मिसळला आहे ते आधी बघा. त्यात जीपीएलचा भाग असेल, तर सगळं बंद ठेवून वाटता येणार नाही. आणि प्रबंधात सॉफ्टवेअरचं नाव लिहिताना आवृत्तीही लिहा.

ते सशुल्क सॉफ्टवेअर मी आजही वापरतो. त्यातल्या एका टूलबॉक्सच्या तोडीचं ओपन सोर्समध्ये मला अजून सापडलेलं नाही. फरक इतकाच, की आता दर शुक्रवारी घरी जाण्याआधी डेटा सीएसव्हीमध्ये काढून ठेवतो. ३१ मार्च येतो आणि जातो, झोप मोडत नाही.