विष पचवणारी कुळं

माझं माहेर निपाणीच्या पट्ट्यातलं. तिथे तंबाखूच्या रानात चुकून जनावर शिरलं तरी त्या पानाला ते सहसा तोंड लावत नाही. पण स्पोडोप्टेरा लिट्युराची अळी, जिला सगळे तंबाखूची अळी म्हणतात, तेच पान खाऊन जाळीदार करून टाकते. लग्न होऊन मी सांबऱ्याला आले, शाळेत विज्ञान शिकवू लागले, तर तीच अळी इथे सोयाबीनवर, मिरचीवर, फ्लॉवरवर. आई विचारायची, "एवढं जहर खाऊन ही फुगते कशी गं?" त्या प्रश्नाचं उत्तर आज विज्ञानाकडे आहे आणि फवारणीचा पंप पाठीला लावणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकायला हवं.

निकोटीन तयार होतं तंबाखूच्या मुळांत आणि साठतं पानांत. शेंडा खुडला की झाड ते आणखी बनवतं. किड्याच्या मज्जातंतूंवर ते थेट घाव घालतं, आणि माणसालाही सोडत नाही. दवाने ओल्या पानांत काम केलं की ते कातडीतून आत शिरतं. हाताला काळा चिकटा बसलेल्या बायका रानातून येऊन ओकायच्या, डोकं धरून बसायच्या. "तंबाखू लागली," एवढंच म्हणायच्या. त्या वेळी त्यांच्या यकृतात सीवायपी-२ए-६ नावाचं एन्झाइम निकोटीनचं कोटिनीन करून ते शरीराबाहेर काढायची वाट मोकळी करत असायचं.

हे एन्झाइम सायटोक्रोम पी-४५० नावाच्या फार जुन्या कुळातलं. जिवाणू, झाडं, किडे, माणूस, सगळीकडे हे कुळ आढळतं. त्यातली बरीच एन्झाइमं विषारी रेणूला ऑक्सिजन जोडतात. मग ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजसारखी दुसरी कुळं त्याला पाण्यात विरघळणारी जोड देतात आणि शरीर तो बाहेर टाकतं. माणसाकडे पी-४५० ची ५७ कार्यरत जनुकं आहेत. प्रत्येक जातीत हा आकडा वेगळा असतो, आणि ती जात पिढ्यानपिढ्या काय खात आली याचा माग त्यात सापडतो.

तंबाखूच्या अळीचा संपूर्ण जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात पी-४५० ची १३८ जनुकं निघाली, तर ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजची ४७. फक्त तुतीवर जगणाऱ्या रेशीम किड्यात पी-४५० ची जनुकं ऐंशीच्या आसपास आहेत आणि ट्रान्सफरेज तर जवळपास निम्मीच. एकाच झाडावर पोट भरणाऱ्याला थोड्या हत्यारांत भागतं. शंभराहून अधिक वनस्पती खाणाऱ्या अळीला प्रत्येक झाडाच्या वेगळ्या विषाला तोंड द्यावं लागतं.

ही जादा जनुकं आली कुठून? पेशी जनुकांची नक्कल करताना कधी कधी एकाच जनुकाच्या दोन प्रती होतात. सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७० साली या घटनेचं मोल मांडलं. घरात एकच विळा असेल तर शेतकरी त्याची मोडतोड करून पाहत नाही. दुसरा आला की त्याला वेगळा बाक, वेगळी धार देता येते. तसंच जुनी प्रत जुनं काम सांभाळते आणि नव्या प्रतीत बदल साठत जातात. एखादा बदल नवं विष फोडण्याच्या कामी आला की तो पुढच्या पिढ्यांत टिकतो.

उलटही घडतं. मांसावर जगणाऱ्या मांजराच्या वंशात पाण्यात विरघळणारी जोड देणारं यूजीटी-१ए-६ हे जनुक निकामी झालं. म्हणून आपल्याला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती त्याला कधीच देऊ नये.

आता पंपाकडे येऊ. तंबाखूवर जगायला सरावलेल्या हिरव्या माव्यात सीवायपी-६सीवाय-३ या निकोटीन फोडणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. काही वंशांत तर शंभरापर्यंत. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे दाखवून दिलं. १९९१ मध्ये बाजारात आलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक निकोटीनसारखंच मज्जातंतूंवर काम करतं. तेही फोडायची तयारी या माव्याकडे तंबाखूमुळे आधीच झालेली होती.

एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की ते फोडू न शकणाऱ्या किडी मरतात आणि फोडू शकणाऱ्यांची वीण वाढते. म्हणजे पुढच्या हंगामातली कीड आपणच निवडतो. त्यात मधमाशी हकनाक भरडली जाते. तिच्याकडे पी-४५० ची जनुकं अवघी ४६. त्यातल्या सीवायपी-९क्यू-३ मुळे ती थायाक्लोप्रिड हे कीटकनाशक बऱ्यापैकी सोसते, पण इमिडाक्लोप्रिडवर त्याचा फारसा इलाज चालत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. पानामागे केसाळ आवरणाखाली दिसणारे अंड्यांचे पुंजके आणि एका पानावर घोळक्याने बसलेल्या बारीक अळ्या वेळीच तोडून नष्ट करा. बांधाला एरंड लावा. पतंग तिथे अंडी घालतात, ती तिथेच नष्ट करा. कामगंध सापळे लावा. एसएल-एनपीव्ही हा विषाणू वापरा. तो या अळीला मारतो आणि रेणू फोडणारी ही १३८ जनुकं त्याला अडवायला बनलेली नाहीत. रासायनिक औषध लागलंच तर दर वेळी गट बदला आणि पीक फुलोऱ्यात असताना मधमाश्या फिरत असतील त्या वेळी पंप उचलू नका.