पॅकेज बांधणाऱ्यांची शिस्त

संगणकाकडून काम करून घ्यावयाचे तर त्यास क्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. काही आज्ञावलींची मूळ संहिता सर्वांस खुली असते. ती कोणीही वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली लिनक्स ही याच प्रकारची होय.

खुल्या आज्ञावली लिहिणारे लोक देशोदेशी विखुरलेले असतात आणि प्रत्येकाची रीत निराळी असते. मग त्या सर्वांच्या कृती एकाच संगणकात गुण्यागोविंदाने कशा नांदाव्यात? त्यांची निवड व जुळणी करून जो संच लोकांस दिला जातो, त्यास वितरण म्हणतात. अमेरिकेतील इयान मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली ‘डेबियन’ हे वितरण सुरू केले. डेब्रा आणि इयान या दोन नावांतून ते नाव घडले. जगभरचे स्वयंसेवक आजही त्याचे काम पाहतात.

डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावली पॅकेजात बांधून ठेवतात. या बांधणीचे नियम ठरलेले आहेत. पॅकेजाच्या नावात इंग्रजी लहान अक्षरे, अंक आणि अधिक, उणे व टिंब एवढीच चिन्हे चालतात. नावापुढे आवृत्तीचा क्रमांक येतो. ‘२.१-३’ असा क्रमांक असेल, तर २.१ हा मूळ लेखकाचा आणि ३ हा बांधणाऱ्याचा, असे समजावे.

शिकरण करावयाचे तर दूध व केळी आधी घरात असावी लागतात. तद्वतच एका आज्ञावलीस दुसरीची गरज असते. ही गरज पॅकेजात नोंदलेली असते. त्यामुळे उणी असलेली पॅकेजे संगणक आपण होऊन आणतो. प्रत्येक वस्तूची जागाही नेमलेली असते. शिवाय वापरणाऱ्याने स्वतः केलेली मांडणी नवी आवृत्ती येताना पुसली जाऊ नये, असा दंडक आहे. मूळ लेखकाचे हक्क व परवाना सांगणारा कागदही प्रत्येक पॅकेजासोबत द्यावाच लागतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणास वाटेल. ओपनएसएसएल या पॅकेजाची हकीकत त्याचे उत्तर देते. ही आज्ञावली गुप्त किल्ल्या घडविते. किल्ली कोणास ताडता येऊ नये, म्हणून ती बेहिशेबी संख्यांतून घडवावी लागते. २००६ साली दोष शोधणाऱ्या एका साधनाने तिच्यातील दोन ओळींविषयी तक्रार केली. बांधणाऱ्याने मूळ लेखकांच्या मंडळीत विचारणा करून त्या ओळी वगळल्या. तथापि, संख्यांचा बेहिशेबीपणा त्यांतील एकीवर अवलंबून होता, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. परिणामी एका जातीच्या संगणकावर, एका प्रकारच्या व एका लांबीच्या अवघ्या ३२,७६७ किल्ल्याच निर्माण होऊ लागल्या. त्या सर्व एकामागून एक लावून पाहणे चोरास मुळीच कठीण नव्हते! मे २००८ मध्ये ही चूक उघडकीस आली आणि देशोदेशीच्या लोकांस नव्या किल्ल्या घडवाव्या लागल्या.

म्हणून मूळ संहितेत केलेला बदल आत मिसळून टाकू नये, असा संकेत आहे. तो ‘पॅच’ म्हणजे ठिगळाच्या रूपाने वेगळा ठेवावा, त्याचे कारण लिहावे व तो मूळ लेखकास कळवावा. प्रत्येक आवृत्तीत काय बदलले, कोणी बदलले व केव्हा बदलले, याचीही नोंद पॅकेजात असते. नोंद असली की चूक शोधता येते व शोधलेली चूक सुधारता येते.

परस्परांस कधी न पाहिलेली माणसे एकमेकांच्या कामावर विसंबतात, ती या शिस्तीच्या बळावर. नियम येथे बेडी नसून विश्वासाचा पाया आहे.