राणी पाकोळीचे पंख

मुलांना फुलपाखरू काढायला सांगा, लांबट पोटाला चार पंख चिकटवून ती मोकळी होतात. खरे तर पंख आणि सहाही पाय उगवतात ते छातीतून. डोके, छाती, पोट असे तीन भाग पेन्सिलीने हलकेच काढून घेतले की निम्मे काम होते.

नमुना म्हणून राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉरमॉन, उत्तम. 2015 साली हिला महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. हिच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, त्यामुळे अळीचे चित्र कधीकधी परसातच मिळते.

आधी निळा. मागच्या पंखाचा कागद नुसत्या पाण्याने ओला करायचा आणि कुंचल्याचे टोक टेकवायचे. रंग आपोआप पसरतो, कडेला फिका होतो. इथे मुलांचा धीर सुटतो. निळा ओला असतानाच काळे ठिपके दिले, तर त्यांचे ओघळ होतात. कागद सुकेपर्यंत मिशा काढाव्यात, गप्पा माराव्यात. काळा बाटलीतला नकोच. गडद निळ्यात तपकिरी मिसळला की जिवंत काळा मिळतो.

जर्मनीत जन्मलेली मारिया सिबिला मेरियन तेराव्या वर्षीच रेशीमकिड्यांचे निरीक्षण करत होती. पुढे 1699 मध्ये ती मुलीला घेऊन सुरीनामला गेली आणि तिथले कीटक त्यांच्या खाद्य-झाडांसकट रंगवले. आपल्या पाकोळीखाली लिंबाची पाने हवीत, ती याचसाठी. शिवाय दोनचार पाने कुरतडलेली दाखवायला मुलांना भारी मजा येते.