डिस्क काढण्याची घाई आणि न उघडलेला एक्स-रे

त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताजवळच्या गल्लीत बाहेरगावचे कुटुंब गोंधळून उभे असले, की कोणीतरी त्यांना दोन प्रश्न विचारते. ‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’ एवढे कळले, की उत्तर मिळते, ‘तुमचे उपाध्ये अमुक. त्या वाड्यात जा.’ वाड्यात कापडात बांधलेली जुनी वही निघते. पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होते, हे वाचून दाखवले जाते. साऱ्या गावाची मिळून एकच मोठी वही नाही. वह्या घराघरांत वाटलेल्या आहेत आणि कोणत्या गावचा यजमान कोणाकडे, हे ठरलेले असल्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. तेच कुटुंब कधी पैठणला, काशीला किंवा गयेला गेले असेल, तर तिथल्या वह्यांतही त्यांची नावे सापडतात. म्हणून एखादी वही पावसात भिजली किंवा वाळवीने खाल्ली, तरी घराण्याची सगळी नावे पुसली जात नाहीत.

रुग्णालयातले एक्स-रे, सीटी स्कॅन आणि तपासण्यांचे अहवाल साठवणारी मोठी संगणक व्यवस्था बरीचशी अशीच चालते. मी फिजिशियन आहे, संगणकतज्ज्ञ नाही. तरी आजचा लेख डिस्कवर आहे, कारण डिस्क काढताना झालेल्या घाईची किंमत माझ्या एका रुग्णाला मोजावी लागली.

सुपारीएवढा डाग

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका सरकारी रुग्णालयात होतो. हरसूलकडच्या एका पाड्यावरचा पन्नाशीचा शेतकरी खोकल्यासाठी आला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला सुपारीएवढा डाग दिसला. असा डाग जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा वण असू शकतो, चालू क्षयरोग असू शकतो किंवा कर्करोगाची गाठही असू शकते. तो म्हणाला, ‘साहेब, तीन वर्षांमागं इथंच फोटो काढला होता.’ आमच्याकडे एक्स-रेला अजूनही फोटोच म्हणतात.

मला हायसे वाटले. अशा वेळी सर्वांत स्वस्त आणि उपयोगी तपासणी म्हणजे जुना एक्स-रे. भरीव डाग दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ आकाराने तसाच राहिला असेल, तर तो कर्करोग असण्याची शक्यता फारच कमी होते. दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि बघायचे, एवढेच काम.

संगणकावर त्याचे नाव होते, तारीख होती, पण फोटो उघडेना. शेवटपर्यंत उघडला नाही.

मग थुंकीची तपासणी झाली, नाशिकला सीटी झाले, मुंबईला सुई घालून तुकडा काढला. हे सगळे भाताच्या लावणीच्या दिवसांत. घरच्यांनी दीड महिना कर्करोगाच्या भीतीत काढला. शेवटी तो जुना वणच निघाला. अहवाल हातात घेऊन तो म्हणाला, ‘बरं झालं, साहेब. पण लावणी गेली.’

फोटो गेला कुठे, याची मी नंतर चौकशी केली. जागा वाचवण्यासाठी तिथे प्रत्येक फोटोच्या तीनऐवजी दोनच प्रती ठेवल्या जात होत्या. एक डिस्क बिघडत चालली म्हणून काढली आणि पुसून, नवी समजून पुन्हा बसवली. तिच्यावरच्या मजकुराच्या नव्या प्रती बाकीच्या डिस्कवर तयार होत होत्या. ते काम अर्धवट असतानाच, त्याच दुपारी, दुसऱ्या यंत्रातली आणखी एक जुनी डिस्कही काढून पुसली गेली. ज्या फोटोंच्या दोन्ही प्रती नेमक्या या दोन डिस्कवर होत्या आणि ज्यांची नवी प्रत अजून झाली नव्हती, ते कायमचे गेले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. काम एका दिवसात उरकायचे होते, इतकेच.

कोणती वही कोणाकडे

एकाच मोठ्या यंत्रात सगळे ठेवण्याऐवजी अनेक साध्या यंत्रांतल्या अनेक डिस्कवर माहिती वाटून ठेवायची, या पद्धतीला क्लस्टर म्हणतात. त्यासाठी जगभर वापरले जाणारे एक मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ‘सेफ’. हे नाव ऑक्टोपस ज्या वर्गात मोडतो त्या सेफॅलोपॉड या प्राणिवर्गावरून आले आहे. ‘सुरक्षित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांनी पीएच.डी.साठी ते विकसित केले. त्यांचा प्रबंध २००७ चा. जिनिव्हाजवळची सर्न ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळाही ते वापरते.

यात फाइलचे लहान तुकडे होतात आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक तुकड्याच्या ३ प्रती वेगवेगळ्या यंत्रांतल्या डिस्कवर जातात. तिन्ही प्रती एकाच यंत्रात ठेवल्या, तर ते यंत्र बंद पडताच तिन्ही जातील. कोणता तुकडा कुठे आहे, याची मोठी यादी ठेवलेली नसते. तुकड्याचे नाव आणि डिस्कचा चालू नकाशा यांवरून गणिताने जागा काढली जाते. आडनाव आणि गाव सांगितले की उपाध्ये कळतात, तसेच हे. मात्र उपाध्यांच्या घरात वाटणी झाली, वह्या दुसऱ्या भावाकडे गेल्या, तर ते गावाला कळावे लागते. डिस्क काढली किंवा घातली की नकाशा बदलतो, आणि नव्या नकाशाप्रमाणे तुकडे आपापल्या जागी हलवावे लागतात. या हलवण्याला वेळ लागतो. धोका असतो तो याच वेळात.

बेशुद्ध आणि मृत

डिस्कने उत्तर देणे थांबवले, की सेफ तिला आधी ‘बंद’ समजते, ‘बाद’ नव्हे. मूळ मांडणीत साधारण १० मिनिटे वाट पाहिली जाते. केबल सैल झाली असेल, यंत्र पुन्हा सुरू होत असेल, वीज गेली असेल. त्र्यंबकच्या पावसाळ्यात हे वेगळे सांगायला नको. दहा मिनिटांत डिस्क परत आली, तर मधल्या काळात जे बदलले तेवढेच तिला पुरवले जाते. नाही आली, तर ती ‘बाद’ ठरते आणि तिच्यावरच्या तुकड्यांच्या प्रती इतर डिस्कवर नव्याने केल्या जातात. रुग्ण हाकेला ओ देत नाही म्हणून आपण लगेच मृत्यूचा दाखला लिहीत नाही. आधी नाडी बघतो.

यंत्र दुरुस्तीसाठी थोडा वेळ बंद करायचे असेल, तर ‘इतक्यात कोणाला बाद करू नका’ अशी सूचना आधी देता येते. काम संपल्यावर ती सूचना आठवणीने काढावी लागते. राहून गेली, तर खरोखर मेलेल्या डिस्कचीही वाट पाहिली जाते.

काढायची कशी

ठरवून डिस्क काढायची असेल, तर क्रम साधा आहे.

आधी जागा बघायची. ८५ टक्के भरल्यावर सेफ इशारा देते आणि ९५ टक्क्यांवर नवे लिहिणे थांबवते. भरत आलेल्या क्लस्टरमधून डिस्क काढली, तर तिचा भार उरलेल्यांवर पडतो आणि त्याच तुंबतात. सगळ्या खाटा भरलेल्या असताना एक वॉर्ड रंगवायला काढावा, तसे होते.

मग डिस्क ‘बाद’ जाहीर करायची, पण चालू ठेवायची. ती चालू असेल, तर तिच्यावरूनही वाचून नव्या प्रती करता येतात. सगळ्या प्रती पूर्ण झाल्या का, हे बघायचे. मग व्यवस्थेलाच विचारायचे, ‘ही नष्ट केली तर चालेल का?’ सेफमध्ये हा प्रश्न विचारण्याची स्वतंत्र आज्ञा आहे. होकार आला की डिस्क थांबवायची, नकाशातून तिचे नाव काढायचे आणि मग हाताने बाहेर काढायची. दुसरी डिस्कही काढायची असेल, तर पहिलीचे काम पूर्ण होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे नर्सला पहिल्या दिवशी शिकवतात, नवी सलाईन नीट चालू झाल्याशिवाय जुनी काढायची नाही. इथे नियम तोच.

डिस्क अचानक मेली, तर हा क्रम पाळता येत नाही. अशा वेळीच तिसरी प्रत कामी येते. आणि डिस्क मरतात, हे धरूनच चालायला हवे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत बिघाडाची चार ठळक लक्षणे एकदाही नोंदली गेली नव्हती. लक्षण नाही म्हणजे आजार नाही, असे मधुमेहात नसते, तसे इथेही नसते.

परत घ्यायची कशी

काढलेली डिस्क परत घालताना मोठी चूक होते ती, तिला सगळे आठवते असे समजण्याची. थोड्या वेळाने परतलेल्या डिस्कला मधल्या बदलांची नोंद वाचून बरोबरीला आणता येते. फार काळ बाहेर राहिलेल्या डिस्कवरचे तुकडे मात्र एकेक करून ताडून पुन्हा भरावे लागतात. आणि जी नकाशातून पूर्ण काढून टाकली आहे, ती पुसून, नवी म्हणून घ्यावी. जुन्या ओळखीच्या खुणा तिच्यावर राहिल्या, तर नवी मांडणी अडते. पण पुसायचे ते बाकीच्या सगळ्या प्रती नीट असल्याची खात्री झाल्यावरच. तोवर ती जुनी डिस्क म्हणजे शेवटचा आधार असू शकते.

परत भरण्याचा वेगही सांभाळावा लागतो. रिकामी डिस्क आली की सगळीकडून तिच्याकडे तुकडे धावतात आणि डॉक्टरला चालू रुग्णाचा फोटो उघडायला वेळ लागतो. कुपोषित मूल दाखल झाले, की आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून भरपूर खाऊ घालत नाही. आधी एफ-७५ हे हलके दूध थोडे थोडे देतो आणि मूल सावरल्यावर एफ-१००. एकदम भरवले तर रक्तातले क्षार ढासळून मूल दगावू शकते. नव्या डिस्कचा वाटाही असाच टप्प्याटप्प्याने वाढवता येतो आणि भरण्याचे काम रात्री, ओपीडी नसताना, वेगाने चालू देता येते.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

आणखी एक गैरसमज. कोणी चुकून फोटो खोडला, तर तो तिन्ही ठिकाणचा जातो. डिस्क बिघडली तर प्रती वाचवतात, माणसाची चूक झाली तर नाही. त्यासाठी वेगळ्या जागी, वेगळ्या व्यवस्थेत ठेवलेली नक्कल लागते. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने करून ठेवली आहे. तिथल्या वहीवर शाई सांडली, तर दूरच्या त्या फिल्मवर ती सांडत नाही.

भंगारात जाणाऱ्या डिस्कबद्दलही एक शब्द. डिस्क बिघडली तरी तिच्यावरचे रुग्णांचे अहवाल वाचता येऊ शकतात. एखाद्याच्या एचआयव्ही तपासणीचा निकाल भंगारवाल्याकडे जाऊ नये. डिस्क पूर्ण पुसून किंवा फोडूनच बाहेर द्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहेच, पण कायदा नसता तरी रुग्णाचे गुपित राखणे हा डॉक्टरचा जुना धर्म आहे.

आपण काय करावे

२०२७ च्या सिंहस्थात आपल्या तालुक्यातली रुग्णालये लाखोंच्या गर्दीला तोंड देतील. त्यासाठी नवी यंत्रे येतील, जुन्या डिस्क बदलल्या जातील. रुग्णालय चालवणाऱ्यांनी तीन गोष्टी लिहून भिंतीवर लावाव्यात. प्रती तीन ठेवा. एका वेळी एकच डिस्क काढा. सगळ्या प्रती पूर्ण झाल्याचे व्यवस्थेने सांगेपर्यंत दुसरीला हात लावू नका. शस्त्रक्रियेआधी आम्ही तपासणी यादी मोठ्याने वाचतो, तशी ही यादी दोघांनी मिळून वाचावी.

वाचकांनी आपल्या घरची वही आपण ठेवावी. एक्स-रेची फिल्म, सीटीची सीडी, जुना ईसीजी, रुग्णालयातून घरी सोडतानाचे कार्ड फेकू नका. फिल्म ओलीपासून लांब, सपाट ठेवा. कागदांचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवरही पाठवा. डॉक्टर बदलला, गाव बदलले, तरी हे सोबत न्या.

तो शेतकरी अजूनही वर्षातून एकदा येतो. त्याच्या हातात खताची रिकामी पिशवी असते. तिच्यात सगळे फोटो, सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. गेल्या खेपेला मी नवा एक्स-रे जुन्याशेजारी धरला. डाग तेवढाच होता. दोन मिनिटांत काम झाले आणि तो लावणीला परत गेला.